निकेशच्या नावापुढे 'पोचलो'

हॅलो?… हां, शिवदासकाका, प्रणालीच बोलतेय. निकेशदादाचं काही कळलं का?… कुठं दिसतंय? आपल्या होड्यांच्या वेबपानावर? थांबा, लॅपटॉप उघडते…

हो, आलंय. निकेशदादाच्या नावापुढे 'पोचलो'. आत्ताच दाबलंय… अहो, पण धक्क्यावर आलाय का तो? तुम्ही तिथंच उभे आहात ना?… नाही? आणि त्याचा खलाशी, दादू?… तोही नाही.

मग शोधायला गेलेल्या बोटी परत बोलावू नका, काका… अहो ऐका ना! पान मीच बनवलंय, मला माहितीय. हो, हो, आधी कुणीही कुणाच्याही नावावर दाबायचं. म्हणून तर या सोमवारी लॉगिन लावलं. आता ज्याचा नंबर, त्यालाच ओटीपी जातो. तो टाकल्याशिवाय आत येता येत नाही… बरोबर. म्हणजे निकेशदादाच्याच फोनवरून दाबलंय… कालपासून लावतेय मी. बंद येतोय.

सर्व्हरवर बघते… ओटीपी गेलाय. लगेच बरोबर टाकलाय… चोरी? होड्यांच्या पानावर कोण कशाला चोरी करेल?

असं करते, त्याला बाहेरच काढते. परत यायचं तर नवा ओटीपी लागेल… झालं. 'समुद्रात' करून ठेवलं.

…

काका, तो परत आला… आत, पानावर! नवा ओटीपी मागितला, टाकला, 'पोचलो' दाबलं. माझ्या डोळ्यांसमोर… नाही हो, मी हातही लावला नाही. तुम्ही नंबर लावा बरं दुसऱ्या फोनवरून… बंदच?

काय?… कोण ओरडतंय मागे?… वायरलेस? सापडला? कोरलईच्या बाहेर?… जिवंत आहे? अगं आई गं… रडू नका काका… होडी उलटली, हो… डिझेलच्या कॅनला धरून होता रात्रभर… पाणी पाजा म्हणावं आधी.

वायरलेसवरच आहेत का ते? मग विचारा ना, फोन कुठाय त्याचा… विचारा तर खरं…

दादूकडे? पिशवीत बांधून दादूच्या खिशात?… आणि दादू?

…

कधी?… काल संध्याकाळीच. निकेशदादाच्या हातातून सुटला.

काका, दादूचं नाव पानावर नाहीच. होडीवाल्यांनाच लॉगिन दिलंय, खलाशांना नाही… तेच म्हणतेय मी. त्याच्याकडे निकेशदादाचा फोन, एवढंच होतं… मला नाही माहीत, पाण्यात फोन चालतो का ते… नका, नका, मला विचारू नका.

केसरकाकी आल्यात? एवढ्यात काही सांगू नका… कुणी दाखवलं त्यांना? दादूच्या आईला 'पोचलो' दाखवलं कुणी?… काय म्हणाल्या?… "पोचलोय म्हणतोय तर भुकेला असेल, भात टाकते"… आणि गेल्या घरी? एकट्या?

कुणाला तरी पाठवा ना त्यांच्यामागे… मी येतेच गाडी काढून. आणि बोटी राहू द्यात बाहेर, दादूसाठी… नाही काका, मी नाही पुसणार ते. तुम्ही सोसायटीचे चेअरमन असलात तरी नाही. एकदा पुसलं मी…

थांबा.

…

नाही, आहे मी लाइनवर… काही नाही केलं मी. कीबोर्डला हातसुद्धा नाही लावला.

त्यानंच… स्वतःच लॉगआउट केलंय, काका.

हो… ठेवते.