पहिला लोटा

(अकोट. एप्रिलची दुपार. इंदूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. सितारा ही त्यांच्या शेजारणीची, मागच्या वर्षी वारलेल्या सुगराबीची मुलगी; अमरावतीला असते, तिथे क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. मागच्या गल्लीतल्या तनवीर टेलरची आई आज पहाटे गेली. दोघी तिथूनच आल्या आहेत. मयतीला न्हाऊ घालणारी बाई अकोल्याहून यायची आहे, तोवर इंदूबाईंच्या ओसरीत बसल्या आहेत.)

इंदूबाई: भिंत घे न. भिंतीले काय धाड भरली? पाण्याचा कूलर लाव, नळ लाव, त्याच्यावर तुह्या मायचं नाव लाव. मी कावून नाई म्हणू?

सितारा: तसं नाही, मावशी. तुमची भिंत कब्रस्तानच्या रस्त्याला लागून आहे. जनाज्यासोबत लोक उन्हात चालत येतात, या वळणापासून पुढे ना सावली ना पाणी. मशिदीत कूलर आधीच आहे. म्हणून म्हटलं, इथे लावावा.

इंदूबाई: पुण्य सुगराले लागन न पण?

सितारा: सवाब पोचत राहतो. माणूस गेला की त्याचं सगळं करणं थांबतं, तीनच गोष्टी चालू राहतात. एक सदका-ए-जारिया, म्हणजे मागे चालूच राहणारं दान. विहीर, झाड, पाणी, असं. दुसरं, त्यानं कोणाला शिकवलेलं कामाचं इल्म, विद्या. आणि तिसरी, दुआ करणारी औलाद.

इंदूबाई: मले माईत आहे. तुही माय याच खाटेवर बसून सांगे. पण ती दुसऱ्या नंबरचं पयले सांगे.

सितारा: इल्म?

इंदूबाई: इल्म. पाणी कोणीबी पाजते इंदू, म्हणे, पण हे माह्यावालं काम मी कोणाच्या हातात देऊ?

सितारा: हे मला ऐकवायलाच सांगताय ना.

इंदूबाई: तुले नाई त कोणाले ऐकवू? साऱ्या मोहल्ल्याच्या बायांले तिनं शेवटचं न्हाऊ घातलं. बाळंतीण असो, म्हातारी असो, कोणाची कवळी पोर असो. त्या घरचा घोटभर चहा घेतला नाई कधी. न आज तनवीरच्या मायसाठी अकोल्याहून बाई बोलवा लागते.

सितारा: अम्मासाठीही तीच आली होती.

इंदूबाई: हो न. मी नोती अथी. संघपालनं घुडघ्याच्या ऑपरेशनले मले अमरावतीले नेलं, न इकडे सुगरा गेली. तिच्या मातीले पोचली नाई मी. पोरगा म्हणे, आई, टाके उसवतीन. उसवले असते त उसवले असते.

सितारा: मयत खूप वेळ ठेवावी लागली, मावशी. त्या अकोल्याच्या बाईची जीप रस्त्यात बंद पडली होती. बाहेर माणसं घड्याळ पाहत उभी. अम्मानं आयुष्यात कोणाला ताटकळत ठेवलं नाही. रोजा सोडता सोडता उठून जायची ती. आणि तिलाच पडून राहावं लागलं.

इंदूबाई: मंग?

सितारा: मग ती बाई आली. पडदा लावला. आत जाताना तिनं विचारलं, यांना मुलगी आहे का? पहिला लोटा मुलीनं घालावा. आमच्या कहकशाँ भाभीनं माझा हात ओढला. मी नाही गेले. पडद्याबाहेर भिंतीला धरून उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता.

इंदूबाई: भेव वाटलं?

सितारा: भीती तर वाटलीच. आणि मला काही येत नव्हतं. हात चुकला असता तर? अम्माच्या अंगावर शिकायचं का मी?

इंदूबाई: क्लासात पोरांले हाडाचा सापळा दाखवते न तू?

सितारा: तो प्लास्टिकचा असतो, मावशी.

इंदूबाई: हं. तरीच.

सितारा: अम्मानं लहानपणी कितीदा बोलावलं मला. काही करू नको, नुसता पडदा धर, म्हणायची. मी कधी पेपर आहे म्हणायची, कधी डोकं दुखतं. मग लग्न झालं, मी अमरावतीला गेले, आणि तिचं बोलावणं थांबलं.

इंदूबाई: लग्नानं नाई थांबलं ते.

सितारा: मग कशानं?

इंदूबाई: अलीझाच्या टायमाले तू बाळंतपणाले आली होती माहेरी. काय बोलली होती मायले? आठवते का मी सांगू?

सितारा: तुम्हाला कोणी सांगितलं ते?

इंदूबाई: तू सांग आधी.

सितारा: आठवतं. अम्मा एका मयतीवरून आली होती. आंघोळ करून, कपडे बदलून. अलीझाला घ्यायला हात पुढे केले. मी म्हटलं, आज नको. त्या हातांनी नको.

इंदूबाई: न ती काय म्हणे?

सितारा: ती हसली. म्हणाली, बरोबर आहे तुझं, ओली बाळंतीण आहेस. तिनं मनाला लावून घेतलं नव्हतं, मावशी. संध्याकाळी माझ्यासाठी लाडू वळले तिनं.

इंदूबाई: तुले तसं वाटलं. त्या दिवसापासून मयतीवरून आली का ती कधी सरळ घरी गेली नाई. अथीच ये. माह्या मोरीत आंघोळ करे, न या खाटेवर बसून राहे. पोळ्या मी टाको, ती पाहे. हात नाई लावे पिठाले. दिवे लागले का मंग घरी जाये.

सितारा: आम्हाला म्हणायची, इंदूकडे पापड लाटायला गेले होते.

इंदूबाई: बारा महिने पापड? तुले कधी विचारावं वाटलं नाई का, एवढे पापड जाते कोठी?

सितारा: बस करा, मावशी.

इंदूबाई: मी तुले टोचून नाई राहिली. मलेबी तिनं सांगितलं नोतं. एकडाव तापात पडली होती, तवा तोंडातून निंगालं. नाई त तिचं तोंड बंद. कोणत्या बाईच्या अंगावर काय होतं, काय नोतं, एक शब्द सांगे नाई. जे दिसलं ते झाकाचं असते म्हणे. तुह्यं बोलणंबी तसंच झाकून ठेवलं तिनं.

सितारा: म्हणून तर हा कूलर लावते आहे. तिच्या नावानं काहीतरी चालू राहावं. दुआ करणारी औलाद मी आहे ना? रोज करते. पण हात वर केले की तिचे ते पुढे केलेले हात दिसतात, आणि पुढचे शब्दच सुचत नाहीत.

अलीझा: मम्मी, मयतीच्या घरून पळत आलेय मी, फोन का उचलत नाहीयेस? तिकडे सगळे खोळंबलेत.

सितारा: आली का ती अकोल्याची बाई?

अलीझा: ती येत नाहीये. तिच्याच गल्लीत मयत झालीय, ती तिथे अडकली. तनवीर मामू सगळीकडे फोन करताहेत. चांदूर बाजारला एक आहे म्हणे, पण ती येईपर्यंत संध्याकाळ होईल. मामू रडायलाच लागले, म्हणाले, सुगराबीसारखं माझ्या आईचं व्हायला नको.

सितारा: नूरजहाँ खाला आहेत ना तिथे? त्यांना सगळं येतं.

अलीझा: त्या म्हणतात, मी खुर्चीवर बसून दुआ सांगते, कुठे चुकलं तर टोकते. पण त्यांचे हात थरथरतात, लोटा धरवत नाही. कोणीतरी करणारं पाहिजे. त्या म्हणाल्या, सुगराबीची मुलगी गावातच आहे, तिला घेऊन ये.

सितारा: मला येत नाही म्हणून सांग.

अलीझा: सांगितलं मी. त्या म्हणाल्या, सुगराबीच्या मुलीला येत नाही हे कसं शक्य आहे?

सितारा: येत नाही म्हणजे येत नाही. कहकशाँ भाभीला न्या.

अलीझा: कहकशाँ मामी माहेरी गेलीय कालच.

इंदूबाई: अलीझा, माठातलं पाणी पे आधी. घामाघूम झाली पोट्टी. सितारा, तुही दादी आठवते का तुले? बाजेवर पडून होती ती.

सितारा: आता दादीचं काय, मावशी?

इंदूबाई: तिले न्हाऊ कोण घाले?

सितारा: मी. दर जुम्म्याला. शाळेतून आले की अम्मा मलाच लावायची त्या कामाला. मैत्रिणी खेळायला जायच्या आणि मी पाणी तापवत बसायची.

इंदूबाई: कसं घाले न्हाऊ? सांग न जराशी.

सितारा: कसं म्हणजे? फळीवर निजवून. अंगावरची चादर काढायची नाही, खालून हात घालायचा. हाताला कापड गुंडाळून.

इंदूबाई: कापड कावून?

सितारा: अम्मा म्हणायची, म्हातारं अंग आहे, त्याची लाज राख. आधी हात-तोंड-पाय धुऊन वजू करवायची, कानात कापूस ठेवून. मग उजवी बाजू, मग डावी. पाणी मनगटावर पाहून घ्यायचं, कोमट, बोरीचा पाला टाकून उकळलेलं. पोटावरून हात हलका फिरवायचा, तिला दुखेल अशा बेतानं. आणि शेवटच्या पाण्यात कापूर.

इंदूबाई: जित्या म्हातारीच्या पाण्यात कापूर कोण टाकते, सितारा?

सितारा: अम्मा म्हणायची, दादीला वास आवडतो.

इंदूबाई: हं.

सितारा: दादीला वास आवडतो म्हणायची, मावशी.

इंदूबाई: मले म्हणे, इंदू, पोट्टी भेते. मयतीचं नाव काढलं का पळते. म्हून सासूच्या अंगावर शिकवून राहिली मी तिले. सासूलेबी माईत होतं, तिनंच म्हटलं, शिकव माह्यावर, मी काय अशीबी पडूनच हाओ. सुगरा म्हणे, पोट्टीले सांगजो नको, इंदू, वेळ आली का मंग सांग. न वेळ आली तवा मी तथी दवाखान्यात पाय वर करून पडलेली. ती गेल्यावर घरी आली मी, त आता सांगून काय करू, असं वाटलं मले.

अलीझा: मम्मी? मामूंना काय सांगू?

सितारा: मी भिंतीले धरून उभी होती.

इंदूबाई: हो.

सितारा: मले येत होतं, मावशी.

इंदूबाई: हो वं माय. येत होतं तुले.

सितारा: पहिला लोटा माह्या हातचा होता. तिनं दादीच्या टायमापासून राखून ठेवला होता माह्यासाठी. मी तो ओळख ना पाळख अशा बाईले देऊन टाकला.

इंदूबाई: रडाचं असन त मंग रड. ते लोक थांबून राहिले तिकडे. बोर माह्या मागल्या आंगणात आहे, पाला तोडून ने. सुगरा अथूनच नेये.

सितारा: न हात चुकला त?

इंदूबाई: पाणी पडलं का सारं आठवन. नाई आठवलं त टोकाले नूरजहाँ आहे तथी. न झालं का इकडेच येजो. मोरीत पाणी भरून ठेवते मी.

सितारा: नाही, मावशी. आंघोळ मी अम्माच्या घरीच करीन. न पोळ्याबी तथीच टाकीन.

इंदूबाई: बरं. मंग दोन इकडे पाठवजो.

अलीझा: मम्मी, मी येऊ ना तुझ्याबरोबर? पडद्याबाहेर थांबते.

सितारा: बाहेर मी थांबली होती. तू आत ये.