थांब्याशिवाय थांबणारी गाडी

…द्या, द्या इकडे त्याला. अहो ताई, द्या म्हणतोय ना, मी धरतो — ओला झालाय होय? पायच ना फक्त? पाण्यात गेलं की पाय ओले होतात, त्यात काय एवढं. आणि एक सांगतो, गैरसमज नको — तुम्ही धावलात, चांगलं केलंत, पण माझं लक्ष होतं. पूर्ण लक्ष होतं. इथे बाकावर बसून डोळ्यांत तेल घालून बघत होतो मी त्याच्याकडे. ओढ्याच्या कडेला गेला तेव्हा उठणारच होतो, तेवढ्यात तुम्ही पोचलात. नातू आहे माझा, लेकीचा मुलगा. अडीच वर्षांचा. खरं नाव मोठं आहे, ते कुणी घेत नाही, बोक्या म्हणतो आम्ही. बसा ना, बसा. गाडी सुटायला वेळ आहे अजून, ड्रायव्हरनं आत्ता कुठे डबा उघडलाय — वास नाही आला? — आणि खाताना माणसाला कुणी उठवू नये. ए, वळवळू नकोस. बरं, उतर. पण इथेच, माझ्या समोर. — खेळेल तो, लांब जात नाही. शब्दाबाहेर नाही माझ्या.

पण मला सांगा, काय डोंबल बघायला आणतात हो इथे माणसांना? राष्ट्रीय उद्यान म्हणे. उद्यान म्हटलं की माणसाला वाटतं झोपाळा असेल, घसरगुंडी असेल, पोराला धरून बसवता येईल असं काहीतरी असेल. इथे नुसता माळ आणि दगड, आणि तो डोंगर — ज्याचं चित्र तिकिटावर छापलंय — तो सकाळपासून ढगात. नाही? तुम्हाला दिसला? असेल, मधेच उघडला असेल, मी बोक्याची चड्डी बदलत असेन तेव्हा. आणि संडासाची सोय तर काय सांगू. खड्डा, खड्ड्यावर फळी, फळीला भोक. पाणी नाही. का नाही, तर म्हणे हा निसर्ग आहे, निसर्गात नळ नसतो. माश्या असतात मात्र. एका हातानं नाक धरायचं, एका हातानं पोर धरायचं, मग पुसायचं कशानं? शिसारी आली मला, अजून तो वास डोक्यातून जात नाही. आणि गाडीत शिरावं तर तिथे दुसरा वास. आमच्या पुढच्या बाकावरचा तो गृहस्थ, बूट काढून पाय वर घेऊन बसलाय, मोज्यांसकट, आणि वर उकडलेली अंडी सोलतोय. खाजगी गाड्यांना बंदी, म्हणजे सगळ्यांनी ह्याच डब्यात कोंबून घ्यायचं, आणि एकमेकांचा वास घेत निसर्ग बघायचा. वीट आला, अक्षरशः वीट आला.

मग आलात कशाला, असं आलं ना तुमच्या मनात? यावं लागलं. आमच्या लेकीच्या डोक्यात पाळणाघर शिरलंय. ती दवाखान्यात कामाला, जावई सारखा फिरतीवर, तर हा सहा महिन्यांचा होता तेव्हापासून मीच सांभाळतो — दूध, आंघोळ, झोपवणं, सगळं. आणि आता अचानक, बाबा, तुम्हाला झेपत नाही. काय झेपत नाही? एकदा दुधात साखरेऐवजी मीठ पडलं, कुणाचंही पडतं. एकदा शर्ट उलटा घातला. आणि एकदा बागेतून — म्हणजे काही नव्हतं हो ते — एकदा बागेतून निघताना दुसऱ्याच पोराचा हात धरून निघालो. फाटकापर्यंतच. त्या पोराची आई ओरडत आली, माणसं जमली, केवढा तमाशा. आता ह्या वयाची पोरं सगळी सारखीच दिसतात. नाही दिसत? तेव्हापासून ही बया उठता-बसता पाळणाघर. मी म्हटलं, असं का? तू दिवस ठरव. दिवसभर एकटा घेऊन जातो त्याला, घराजवळच्या बागेत नाही, थेट जंगलात, जिथे लोक जायला घाबरतात. संध्याकाळी ती शेवटच्या थांब्यावर घ्यायला येईल, मी पोर धडधाकट तिच्या हातात देईन, काय काय जनावरं पाहिली ते सांगेन, आणि पाळणाघराचं नाव पुन्हा निघायचं नाही. ठरलंय तसं आमचं. कारण तो गेला ना पाळणाघरात, तर मग मी दिवसभर त्या घरात करू काय? भिंतींना दूध पाजू? — ए बोक्या, पुढे जायचं नाही. तिथेच उभा राहा. बघा, राहिला की नाही उभा?

आणि ह्या गाडीबद्दल तर मला कुणी शिकवूच नये. मी स्वतः ड्रायव्हर. शहराची बस चालवली, जन्म गेला त्यात. म्हणजे आता नाही, सोडली. दोन वर्षं बाकी होती, पण सोडली. दरवर्षी ती डोळ्यांची तपासणी येते, अक्षरं वाचा, ठिपके ओळखा, त्या वर्षी ती जवळ आली आणि मला एकदम कंटाळाच आला, मी म्हटलं बस झालं. लेकीलाही तेव्हा कामावर परत जायचं होतं, सगळं जमूनच आलं. तर काय सांगत होतो — थांबा. थांबा म्हणजे काय? खांब, त्याला पत्रा, पत्र्यावर आकडा. तिथे गाडी थांबते. बाकी कुणी हात करा, छाती पिटा, दारावर थापा मारा — गाडी थांबत नाही. शिस्त असते. आणि हा पठ्ठ्या सकाळी माइकवर काय म्हणाला? म्हणाला, मंडळी, इथे थांबे नाहीत, जनावर दिसलं की तुम्हीच जोरात म्हणा 'थांबा', की मी थांबतो. मी ऐकतच राहिलो. म्हणजे थांबा नाही तिथे थांबा म्हणायचं, आणि हा थांबणार. कुणीही उठावं. कुणाला झुडूप हललेलं दिसतं, थांबा. कुणाला दगडाची मेंढी दिसते, थांबा. सगळे एका बाजूला धावतात, अख्खी गाडी कलते, आणि मग ते — आहाहा, ओहोहो, ते बघ, तिथे, पांढऱ्या दगडाच्या डावीकडे. माझ्या मते अर्ध्यांना काही दिसत नाही. दुसरा दिसतं म्हणतो म्हणून हाही म्हणतो दिसतं. मीही म्हटलं एक-दोनदा. म्हटलं, हो हो, फार सुंदर.

आणि आमच्या ह्याला तर आयतंच सापडलं. तुम्ही मागेच होतात, ऐकलंत ना? वळण आलं, थांब. पूल आला, थांब. चिखल दिसला, थांब. आणि तो ड्रायव्हर एवढा भोळा, लहान पोराचा आवाज ऐकून पहिल्या वेळी थांबला की. सगळे दुर्बिणी लावून त्या चिखलाकडे बघतायत. मग ते मोजेवाले वळून माझ्याकडे बघायला लागले, जरा आवरा म्हणाले. मी काय आवरू? त्याला वाटतं हे त्याचंच काम आहे. त्याच्या तोंडातून तो शब्द निघाला की काहीतरी थांबायला हवं, ही सवयच आहे त्याला.

आणि अस्वल आलं तेव्हा मात्र त्यानंच पाहिलं पहिल्यांदा, कबूल करायला हवं. थांब म्हणाला, आणि ह्या वेळी खरंच — सगळे उठले, आरडाओरडा, तुम्हीही उठलात. आमच्याच खिडकीपाशी होतं म्हणे. मला काय दिसणार? काच बघितलीत का त्या खिडकीची? वर्षानुवर्षं कुणी फडका मारला नसेल. बरोब्बर मधोमध मळकट डाग, हा एवढा, जिकडे बघावं तिकडे पुढे येतो. कडेकडेनं दिसतं सगळं, झाडं दिसतात, रस्त्याची कड दिसते, आणि जिथे बघायचं तिथे तो डाग. आमच्या डेपोत अशी काच ठेवली असती तर धुणाऱ्याला घरी बसवला असता. मी तक्रार करणार आहे, खाली गेलो की… काय? नाही, बंद होती. उघडी कशी असेल? तुम्हीच सरकवलीत? बोक्याला उलटी होतेय असं वाटलं म्हणून? केव्हा, अस्वलाच्या आधी?

हो. वारा लागत होता खरा.

नाही, मग उन्हाची तिरीप असेल. समोरून ऊन होतं. नव्हतं? असो, ढग तर ढग. सवय म्हणालो म्हणजे घरचीच हो, दुसरी कुठली. जिना उतरताना शेवटची पायरी आली की, आबा, थांब. रस्त्याच्या कडेला, थांब. सायकल आली, थांब. वाण्याच्या दुकानाला ते काचेचं दार बसवलंय, तिथे आधी हात पुढे करतो आणि म्हणतो, थांब. माझं बोट धरून पुढे चालतो ना तो, मग त्याला आधी — नाही, शिकवलं नाही कुणी. एवढ्याशा पोराला कोण शिकवणार असलं. आपलं आपणच. मागे एकदा गल्लीत खणलेलं होतं, दोरी बांधली नव्हती मेल्यांनी, आणि मी त्यात — काही झालं नाही, गुडघा सोलवटला एवढंच. पण घाबरला फार. वर उभा राहून रडत होता. तेव्हापासून सुरू झालं हे. मी त्याला सांगितलंय, आईला सांगायचं नाही. नाही सांगत. अडीच वर्षांचं पोर, पण पोटात ठेवतो.

तुम्ही गप्प का झालात? मघापासून हुं हुं करत होतात. तसं बघू नका माझ्याकडे — बघताय ना? बघत असणारच. मला कुणाची कीव नको आहे. त्यापेक्षा एक काम करा, ते अस्वल कसं होतं ते सांगा नीट. लेक विचारेल संध्याकाळी. काळं? तपकिरी. आणि पिल्लू होतं का बरोबर? दोन होती, बरं. तपकिरी, दोन पिल्लं. आणि काय करत होतं? मुळं उकरत होतं. बास, एवढं पुरे, जास्त सांगितलं की तिला संशय येतो. तिला त्या बुटांचाही संशय आहे, बोक्याच्या, ते पिकपिक वाजणारे. आपल्या गाडीतल्या एका बाईनंही तोंड वाकडं केलं सकाळी. लेक म्हणते, बाबा, हे काय बाजारातलं उचलून आणलंत, डोकं उठतं. उठू दे. मला आवडतात. पोर कुठल्या खोलीत आहे ते कळतं. सगळ्यांना कळतं, मलाच असं नाही.

चला, इंजिन सुरू केलं वाटतं त्यानं. बोक्या, ये. अरे ये ना, गाडी निघाली. बघा, ढिम्म हलत नाही, मघापासून एका जागी, निळा कोट घालून — बोक्या, हाक मारतोय मी… काय म्हणालात? कसला डबा? कचऱ्याचा? तो, तो निळा?

मग तो कुठे आहे? बूट वाजत नाहीयेत त्याचे. काढलेत म्हणजे? तुम्ही? का काढलेत — हो, ओले होते, हो. बोक्या. बोक्या रे. ताई, पाणी कुठल्या बाजूला आहे? हाताला धरा मला, तिकडे न्या, अहो मला दिसत नाहीये, समोरचं मला काही दिसत नाही, माझं पोर बघा कुणीतरी —

कुठे? तुमच्या मांडीवर.

कधीपासून? मी खाली उतरवला तेव्हाच चढला होता. झोपला. आणि मी त्या डब्याला दटावत होतो, तर तुम्हाला वाटलं गंमत चाललीय, पोराला हसवतोय. साहजिक आहे, डब्याशी खरंखुरं कोण बोलतं. कुठे आहे त्याचा हात — नको, सांगू नका, हा सापडला. पाय आहे हा. गार पडलाय. माझी शाल घाला त्याच्यावर. घाला हो, मला नकोय.

ओढ्यापाशी तुम्ही नसतात तर. नाही, बोलू नका काही, मला माहितीये काय ते.

हा फोन घ्या. पहिलंच नाव आहे, मुलीचं. मला ते बारीक — तुम्हीच लावा आणि माझ्या हातात द्या. नाही, तिच्याशी तुम्ही बोलायचं नाही, एक अक्षर नाही, मी सांगणार आहे. सगळं सांगणार आहे, बागेतलं, खड्ड्यातलं, डोळ्यांच्या तपासणीचं. शेवटच्या थांब्यावर सांगितलं तर सगळ्या गाडीसमोर रडेल ती, म्हणून आत्ता. तुम्ही त्याला असाच उचला, उठवू नका, आणि गाडीत नेऊन बसवा तुमच्याजवळ. ड्रायव्हरला म्हणावं, म्हातारा येतोय, त्याला वेळ लागेल. मी येईन आवाजाच्या रोखानं.

लागला? द्या. वाजतोय.

जा आता तुम्ही.