डाव्या बाजूचा पार्दाल

वडिलांच्या मृत्यूची नोंद करायला आलेली झुलेइका ब्राझीलमधल्या उबेराबाच्या नोंदणी कचेरीत आपली पाळी येण्याची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे फुटबॉलवरून वाद घालत होते.

"पार्दालसारखा डावा बॅक पुन्हा झाला नाही, ओलाव्हो."

"चौदा वर्षं पोर्तुगालात खेळला. गोल किती? दोन! त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात."

"पुढचे सगळे मिरवत पळायचे, तेव्हा मागे घर कोण राखायचं?"

"म्हणून तर ब्राझीलच्या संघात एकदाही घेतला नाही. कुणाच्या लक्षात आहे तो?"

"तुझ्या आहे की! दोन्ही गोलांसकट."

"ते सोड. असतो कुठे आता?"

"लिस्बनला बंगल्यात बसला असेल. इथे कशाला मरायला येतोय?"

झुलेइकाने हातातल्या डॉक्टरांच्या कागदाची नीट घडी केली.

"वाल्देमीर लासेर्दा यांच्याकडून कोण आलंय?" कारकुनाने पुकारलं.

दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही. ती खिडकीशी गेली.

"वडील का? व्यवसाय काय होता?"

"फुटबॉल खेळायचे. डावे बॅक होते."

"हो? नाव कधी ऐकलं नाही."

"सगळे त्यांना पार्दाल म्हणायचे."

मागचा वाद थांबला. काठी टेकत त्यांच्यातला एक म्हातारा जवळ आला.

"पोरी, दफन किती वाजता?"

"चारला, काका."

"ओलाव्हो, ऊठ."

"अरे दिर्सेउ, आपला नंबर आलाय!"

"राहू दे. शवपेटीला डावीकडून खांदा द्यायला माणूस लागेल."