चाकावरची रेघ

नाही नाही, ते रिव्हॉल्व्हर तसं नको धरूस — मूठ खाली, नळी भिंतीकडे — हां, असं. आण इकडे. ठेव या कापडावर. रिकामं आहे ना? तू बघितलंस, तरी मी बघणारच, चाळीस वर्षांची सवय आहे. आहे रिकामं. बैस, कारी, बैस. काल दफनाच्या वेळी तू बोलायला आलीस तेव्हा मी जरा तुटकच बोललो, मनावर घेऊ नकोस — तुझ्या ऑरिनकाकाच्या शवपेटीपाशी उभं राहून गप्पा मारणं मला काही जमलं नसतं. आणि सगळं गाव तिथे. पोस्टातली बाईसुद्धा रडत होती. माझ्या वेळी ती रडायची नाही, एवढं मी तुला आत्ताच सांगून ठेवतो.

तर तुला काय विचारायचंय? हे उडवण्यासारखं आहे का? नाही. ऐक, घरी ने, काचेत ठेव, वर्षातून दोनदा तेलाचा हलका बोळा फिरव. संपलं. एकशे दहा वर्षांची वस्तू आहे ही. लोकांना वाटतं रिव्हॉल्व्हर म्हणजे गोळी सुटली की झालं काम — अगं, गोळी काय, दुकानात मिळणाऱ्या नव्या रिव्हॉल्व्हरमधूनही सुटते. पण हे बघ — ये, या कपाटापाशी ये, काचेला बोट लावू नकोस — हे माझं. तू आणलेल्याचं जुळं भावंड. एकाच दिवशी घडलेली, क्रमांकात एकाचा फरक. एका बँकेच्या तिजोरीत पडून होती, कधी वापरलीच नाहीत. एक्याऐंशी साली ग्रेट फॉल्सला लिलाव होता, तिथे एकाच खोक्यात दोन्ही मिळाली — एक मी घेतलं, एक ऑरिनने. बघ आता दोघांकडे. माझ्यावरचा तो निळा रंग बघ, खोल पाण्यासारखा. आणि हे गोळ्यांचं चाक — एक रेघ नाही त्यावर. घोडा एकदा जरी मागे ओढून चाक फिरवलंस ना, तर खालचा खिळा त्यावर घासतो नि बारीक रेघ उमटते. ती परत जात नाही. मी चाळीस वर्षांत याचा घोडा एकदाही ओढलेला नाही. एकदाही.

आणि ऑरिनने काय केलं? त्याच संध्याकाळी, घरी येताना, नदीपाशी गाडी थांबवायला लावली. मी चालवत होतो, मधे व्हर्ना — आमचं लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती — आणि खिडकीशी तो. उतरला, कुंपणाच्या खांबावर बीन्सचा रिकामा डबा ठेवला, आणि सहाच्या सहा गोळ्या झाडल्या. बँकेने सत्तर वर्षं जपलेली वस्तू! मी डोळे मिटून घेतले. आणि व्हर्ना हसली. तसं हसताना मी तिला त्याआधी — असो. डबा तिने घरी आणला. भोकं पडलेला डबा. खिडकीत ठेवून त्यात पेन्सिली ठेवायची.

कॉफी घे. कडू आहे, व्हर्नाने केलेली नाही, मी केलीय.

तू लहान होतीस, उन्हाळ्यात यायचीस, तुला आठवत असेल, शनिवारी नेमबाजी क्लबच्या मैदानावर पोरंटोरं कुणाभोवती जमायची? ऑरिनभोवती. ज्याला हवं त्याच्या हातात द्यायचा. शिक्षिका, पाद्री, दूधवाला — कुणालाही. मूठ झिजून काळी पडली, निळा रंग गेला, बघ ना, राखेसारखं झालंय. आणि लोक म्हणायचे काय सुंदर पिस्तूल आहे ऑरिन तुझं. माझ्याकडे एकोणचाळीस आहेत या खोलीत! तीन राज्यांतून माणसं येतात बघायला. येतात, हात मागे बांधून बघतात, हळू आवाजात बोलतात आणि जातात. चर्चमध्ये आल्यासारखी. मीच तसं करायला लावतो, मान्य आहे.

मग व्हर्नाचा साठावा वाढदिवस. मी विचारलं, काय हवं? तर म्हणाली, तुझ्या त्या रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या. कोट नाही, प्रवास नाही — सहा गोळ्या. तीस वर्षं ही खोली झाडली तिने, मागितलं कधी काही नव्हतं. मी तिला नीट समजावलं. रेघेचं समजावलं. ती हो म्हणाली. नि पुढच्या शनिवारी ऑरिनकडे गेली.

त्यात काही नव्हतं, कारी. तसं डोक्यात आणू नकोस. मी जाऊन बघितलंय — हो, गेलो होतो, तिला नकळत, रस्त्याच्या पलीकडे ट्रक उभा करून बसलो होतो. एकदा नाही, बऱ्याचदा. तो तिच्या मागे दोन पावलांवर उभा असायचा, दोन्ही हात खिशात. तिला स्पर्शही करायचा नाही. केला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं मला! ती गोळी झाडायची, नेम लागला की मागे वळून त्याच्याकडे बघायची. एवढंच. पण ते बघणं — मी तिला दागिने दिले, घर दिलं, आजारात उशाशी बसलो, तसं बघणं माझ्या वाट्याला आलं नाही. आणि घरी आल्यावर जेवताना, ‘हे डावीकडे ओढतं, मिल्टन, पण एकदा त्याचं मन कळलं ना की’ — मन! लोखंडाचं मन! तिच्या मनगटाला बंदुकीच्या दारूचा वास यायचा. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आली. मला यायला जमलं नाही. म्हणजे मी गेलो नाही.

मग मी ते पत्र लिहिलं.

कुठलं म्हणजे — तुला माहीत असेल असं मला वाटलं. सगळ्या क्लबला माहीत आहे. मी तेव्हा क्लबचा तपासनीस होतो, दर वसंतात सगळ्यांची हत्यारं माझ्याकडे यायची. लिहिलं, की ऑरिनच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या मुळाशी, खालच्या अंगाला, केसाएवढी भेग आहे, उडवणं धोक्याचं. सही केली. मैदानावर त्या रिव्हॉल्व्हरला बंदी. माझ्या शब्दावर कोण शंका घेणार?  ऑरिन बरं म्हणाला, गुंडाळलं आणि घरी नेलं.

भेग? आता इतक्या वर्षांनी — असं बघ, जुन्या लोखंडाचं काही सांगता येत नाही, आज नसली तरी उद्या — तुला दिसतेय का? भिंग घे. नाही ना दिसत. अगं, कशी दिसेल? नव्हतीच ती. कधीच नव्हती. झालं समाधान? वर्षानुवर्षं पाठच केल्यासारखं झालंय ते वाक्य, ‘केसाएवढी भेग’, कधी कधी माझाच विश्वास बसतो.

आणि मिळालं काय मला? ऑरिन तिला दुसरं देत होता, तिने घेतलं नाही. शनिवारी घरीच राहायला लागली. मला वाटलं, आली परत. एका संध्याकाळी मी हे कपाट उघडलं, हे माझं काढलं, काडतुसं घेतली आणि म्हणालो, चल व्हर्ना, नदीवर जाऊ. तिने माझ्याकडे बघितलं — रागाने नाही, रागाने असतं तर — आणि म्हणाली, ‘नको, मिल्टन. रेघ पडेल.’ आणि विणकाम उचललं.

काय आहे तो कागद? कुठे होता? संदुकीत, याच्याच खाली? थांब, चष्मा... बिलिंग्ज शहरातला बंदुकांचा कारागीर. ओळखतो मी याला, चांगला माणूस आहे. ‘नळी तपासली... मुळाशी कोणतीही भेग नाही... वापरास पूर्ण सुरक्षित.’ तारीख? जून. त्याच सालचा जून. माझं पत्र मेमधलं.

म्हणजे माहीत होतं त्याला.

अकरा वर्षं दर गुरुवारी याच खुर्चीत बसायचा तो. याच कपातून कॉफी प्यायचा. माझी नवीन खरेदी बघून वा म्हणायचा. खिशातून कागद काढून क्लबच्या भिंतीवर लावला असता की तासाभरात मी या गावात तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नसतो. का नाही लावला? तुला बोलला का काही? हॉस्पिटलात? सांग. जसं बोलला तसं सांग.

...‘व्हर्नाला मिल्टनबरोबर राहायचंय.’ एवढंच म्हणाला?

बघ. बघितलंस? इथेही तोच पुढे. मी त्याचं हत्यार बंद केलं, तर त्याने ते मुकाट बंद ठेवलं, माझ्यासारखं, संदुकीत, कापडात — ज्याला शनिवारशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं त्याने — आणि तेही तिच्यासाठी. मी तिला एकदा सहा गोळ्या देऊ शकलो नाही, आणि त्याने अकरा वर्षांचे शनिवार सोडले. मेला तरी पुढेच गेला माझ्या. मी त्याच्यावर रागावूही शकत नाही आता, इतकंही ठेवलं नाही त्याने मला.

शनिवारी? क्लबवर? त्याच्या आठवणीत पहिली गोळी व्हर्नाने झाडावी, असं तुला वाटतं. हं. आणि त्यासाठी तपासनिसाचा शब्द हवा. दे ते पेन. मी आता तपासनीस नाही, पण बंदी माझ्या सहीची आहे, माझ्या सहीनेच उठेल. ‘भेग नाही.’ आणि पुढे? ‘कधीच नव्हती.’ हो, लिहितो तेही. मिल्टन हॉगन. घे.

व्हर्ना मागे टोमॅटोच्या वाफ्यात आहे. दोन्ही कागद ने तिच्याकडे. मी येणार नाही. अगं, घाबरून नाही — ती ओरडणारी बाई नाही. ती वाचेल आणि मग मला माफ करेल, मला माहीत आहे ती. पण माफ करताना तिच्या डोळ्यांपुढे तो असेल, हात खिशात घालून उभा. ते मला बघवायचं नाही.

आता बोलू नकोस काही. रिव्हॉल्व्हर उचल. असं नाही, नळी खाली. जा, कारी. आणि दार ओढून घे.