व्हेलास्कोला द्यावं की ठेवावं

मिलवॉकीत जानेवारीत अंत्यदर्शनाची रांगसुद्धा गारठल्यासारखी सरकते. नवऱ्याच्या, स्टॅनच्या शवपेटीजवळ उभ्या बर्निसला त्याच्या दोन दोस्तांची, रे आणि क्लेटसची, गावच्या बेसबॉल संघाबद्दलची कुजबुज स्पष्ट ऐकू येत होती.

“व्हेलास्कोला या हिवाळ्यातच दुसऱ्या संघाला देऊन टाकावं. बदल्यात चेंडू फेकणारे दोन तरणेबांड पिचर मिळतील.”

“अकरा वर्षं मैदानाची मधली बाजू, सेंटर फील्ड, सांभाळलंय त्यानं, रे! घरचा माणूस आहे तो.”

“घरच्या माणसाचे गुडघे गेलेत. आधी चेंडू पडतो, मग हा पोचतो.”

“हळू बोल, मयताला आलायस.”

“मग स्टॅनलाच विचार! सहा वर्षं टीव्हीपुढे बोंबलत होता, हाकला याला म्हणून.”

“विचारतो की. पुढे सरक.”

दोघं पेटीपाशी पोचले आणि आत डोकावले. स्टॅनच्या अंगात व्हेलास्कोची जर्सी होती.

“अगं बर्निस, हे काय? याला तो डोळ्यांसमोर नको असायचा!”

“जर्सी माझी आहे. रोज म्हणायचा, हाकला याला. म्हटलं, तूच घेऊन जा बाबा.”

“आणि बदल्यात तुला काय मिळालं?” क्लेटसच्या तोंडून निघून गेलं.

“टीव्हीचा रिमोट,” बर्निस म्हणाली. “अजून हात लावला नाही.”