बाहेरची कडी

पुरवणी जबाब, दिनांक २४ मे २०२३, सकाळी ११ वाजता

माझे नाव अमरनाथ सिद्धलिंग हत्तरगे, वय ३८ वर्षे, व्यवसाय खासगी शिकवणी (भौतिकशास्त्र), मूळ राहणार किल्लारीजवळ, तालुका औसा, हल्ली मुक्काम ट्यूशन एरिया, लातूर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, रविवारी, दि. २१ रोजी मी दिलेला जबाब मला आज वाचून दाखवला. त्यातल्या वेळा आणि नावे बरोबर आहेत. एक वाक्य खोटे आहे. "खोलीची बाहेरची कडी कामवाल्या सुमनबाईंनी लावली" हे ते वाक्य. कडी मी लावली. आज मला कोणी बोलावलेले नाही, मी आपण होऊन आलो आहे.

माझी आई गुरम्मा, वय ६२. तिला मी अव्वा म्हणतो. १९९३ च्या भूकंपात माझे वडील आणि तीन वर्षांची बहीण मंजुश्री दगडमातीच्या घराखाली गेले. मी आठ वर्षांचा होतो. पहाटे लघवीला जायचे म्हणून मी आईला उठवले, ती मला अंगणात घेऊन आली, म्हणून आम्ही दोघे राहिलो. तेव्हापासून आई छताखाली झोपत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये झोपली नाही, पुनर्वसनाच्या घरात नाही. लातूरला माझ्या फ्लॅटवर असते तेव्हा गच्चीवर झोपते, पावसाळ्यात जिन्यात बसून डुलक्या घेते. शेजारी विचारतात. तिला आत उकडते, असे मी सांगतो.

शनिवारी, दि. २० रोजी दुपारी १२ च्या सुमारास आम्ही दोघे किनवटच्या जंगलातल्या 'सागवास' या पर्यावरणस्नेही निवासात पोचलो. मालकांची मुलगी माझ्या क्लासमधून मेडिकलला लागली, त्यांनी आग्रहाने दोन दिवसांचा पाहुणचार दिला होता. तिथे प्लास्टिक नाही, एसी नाही, दिवे सौर, खोल्यांकडे मोबाइलला रेंज नाही. बेलाचे सरबत तांब्याच्या पेल्यात देतात. जन्मभर रानातून सरपण वाहिलेल्या बाईला आरामासाठी रानातच न्यावे, हे शहाणपण माझेच. तरी सुरुवातीला ती खूश होती. झाडांची नावे मला विचारून विचारून चुकीची उत्तरे आली की हसत होती. "एवढा मोठा सर, अन् टेंभुर्णी वळखंना," म्हणाली.

मग मॅनेजरने खोली उघडली. सिमेंटचा कण वापरलेला नाही, दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर जुन्या पद्धतीचे मातीचे माळवद, असे त्याने कौतुकाने सांगितले. आईने वर पाहिले आणि विचारले, "वर माती किती हाय?"

"दीड फूट, आजी. म्हणून तर गारवा आहे."

आई पाठ न फिरवता मागे सरकत बाहेर आली. "लई चांगलं हाय," म्हणाली. "मी भाईरच बसते."

तेव्हाच सामान गाडीत टाकून निघायला हवे होते. मी निघालो नाही. मला भीड पडली.

तिथे झाडलोट करणाऱ्या सुमनबाई आत्राम यांनी आईसाठी मोहाच्या झाडाखाली चटई टाकली. रात्रभर त्या तिच्यासोबत तिथेच होत्या. मी आत पलंगावर झोपलो. झोप चांगली लागली, हेही लिहावे.

रविवारी सकाळी नांदेडच्या एका कुटुंबाने मला ओळखले. मुलाने फोटो काढून घेतला. त्याच्या वडिलांनी विचारले, "सर, त्या खाली झोपलेल्या आजी कोण?" मी म्हणालो, "गावाकडच्या आहेत." माझी आई आहे, असे मी म्हणालो नाही. आई दहा पावलांवर बसून चहा पीत होती. जबाबात याची गरज नाही, असे हवालदार साहेबांचे मत पडले. गरज आहे, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले.

त्या दिवशी ऊन फार होते. दुपारी तीन वाजता बारावीच्या उन्हाळी बॅचच्या मुलांच्या शंका मला ऑनलाइन सोडवायच्या होत्या. रेंज फक्त फाटकापाशी, खोलीपासून चारपाचशे पावलांवर. मी आईला दंडाला धरून आत नेले. ती म्हणाली, "अमर, मला भाईर ऱ्हाऊ दे. मी कुणाला तरास देऊन राहिले का?" मी म्हणालो, "अव्वा, एक तास झोपून बघ. काही होत नाही. मी हेच शिकवतो." एक तास सुखरूप गेला की तीस वर्षांची भीती जाईल, असा माझा हिशोब होता. मी बाहेर आलो आणि कडी लावली. सुमनबाई ओट्यावर होत्या. त्या म्हणाल्या, "सर, म्हातारीला कोंडू नका." मी फाटकाकडे निघालो.

सुमारे साडेतीनला माळवदावर वानरांची टोळी उतरली. लाकडांच्या फटीतून आत माती पडली. आईने दार वाजवले. त्या वेळी सुमनबाई स्वयंपाकघराकडे गेल्या होत्या, त्यांना आवाज ऐकू येऊन त्या धावत आल्या. तोवर आईने मागच्या खिडकीची बांबूची जाळी तोडून उडी टाकली होती. मागे उतार आहे, खाली दगडी पायऱ्या. तिचा उजवा खुबा मोडला. सुमनबाईंनी कडी काढली, खोली रिकामी पाहून त्या मागे गेल्या. आईच्या केसांत माती होती, ती त्यांनीच झाडली.

मी पोचलो तेव्हा पाहुणे जमले होते. मॅनेजरने विचारले, "कडी कोणी लावली?" सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी आईकडे पाहिले. संध्याकाळी पोलिसांनी विचारले तेव्हा मी त्यांचे नाव सांगितले. लातूर शहरभर क्लासच्या फलकांवर माझे फोटो लागलेले आहेत, हा विचार तेव्हा माझ्या मनात होता. त्यांना त्याच दिवशी कामावरून काढले.

आई नांदेडला दवाखान्यात आहे, ऑपरेशन झाले आहे. सोमवारी पोलिसांनी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "वाऱ्यानं दार लागलं आसंल." बाहेरची कडी वाऱ्याने लागत नाही. मंगळवारी सकाळी मी तिला म्हणालो, "अव्वा, तू मला वाचवलंस."

 त्यावर ती जे बोलली ते मी आजवर ऐकले नव्हते. "तवाबी मी वाऱ्याचंच नाव सांगितलं व्हतं. तुला भाईर नेताना मंजू जागी झाली. अंधारात मागं यील, इच्चूकाटा हाय, म्हणून मी भाईरनं कडी घातली. ढिगाऱ्यातनं दार निघालं, तर कडी तशीच. तुझ्या आज्यानं इचारलं, म्या म्हनलं, वारा आसंल. तुझा बाप आतून दार वडत व्हता का न्हाई, मला ठाव न्हाई. तीस वरसं मला आवाज येतो."

मी तिला सांगितले की ते घर काही सेकंदांत खाली आले, दार उघडे असते तरी कोणी बाहेर येऊ शकले नसते. हे मी फळ्यावर मांडून दाखवू शकतो. ती "हाव" म्हणाली. मग तिने विचारले, "त्या सुमनचं काय झालं?"

"कामावरून काढलं."

"मग तू हितं काय करून राहिलास?"

हे सर्व लिहायला आईची संमती आहे. तिने स्वतःबद्दलचेही लिहायला सांगितले. माझी निवासाविरुद्ध तक्रार नाही. कोणावर संशय नाही, असे छापील वाक्य मी लिहू देत नाही, कारण संशयाचा प्रश्नच नाही. ज्या बाईने मला बाहेर काढले तिला मी आत कोंडले, आणि जी तिला सोडवायला धावली तिचे नाव पुढे केले. सुमनबाईंची मी मालकांसमोर आणि त्यांच्या वाडीत जाऊन माफी मागणार आहे. मला फार लाज वाटते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. सही करण्याआधी माझ्या विनंतीवरून तो, चौकशीसाठी आज ठाण्यात बोलावलेल्या आणि बाकावर बसलेल्या सुमनबाईंनाही मोठ्याने वाचून दाखवला. तो ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "आजीची खाट कुठं हाय?"

मी सांगितले, तिसऱ्या मजल्यावर, दाराजवळ.

"अन् दार?"

उघडे असते. मी उंबऱ्यात बसतो.

सही / अमरनाथ सिद्धलिंग हत्तरगे