आवाज नाय, धूर नाय, वायर नाय!

...आनि वर मलाच सांगतो, "आई, तू लांब उभी राहा, सेफ्टी असते!" सेफ्टी! अरे, तुला न्हाऊ-माखू घालून पायावर झोपवला मी, नि तू मला सेफ्टी शिकवतोस? तुमाला सांगते, गवत कापायला निघालेला असा मानूस तुमी जन्मात बघितला नसाल. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, डोळ्याला वेल्डिंगवाल्याचा चष्मा, पायाला क्रिकेटचे पॅड, अंगात रेनकोट... आनि बाहेर कडकडीत ऊन! मी म्हटलं, "जितेंद्रा, गवत हाय रे बाबा ते, चावत नाय."

हा जितेंद्र म्हंजे आमचा धाकटा. अंधेरीला हापिसात कंप्युटरवर बसतो. जूचंद्रात आमचं घर, घरापुढं हे एवढं मोठं आंगन, आंगन संपलं की व्हाळ, म्हंजे ओढा. आनि साल कुठलं? तेच, सव्वीस जुलैचा पाऊस पडला ते! पानी उतरलं नि गवत जे सुटलं... आमचा म्हातारा आंगनात कोंबडी शोधायला गेला, तर म्हाताऱ्याला शोधायला मला जावं लागलं!

आता एरवी मी म्हटलं असतं, वाढूं दे मेलं गवत, आपलं काय खातंय? पन त्या साली गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या होत्या ना! आता तुमी इचाराल, आल्या तर आल्या, काय बिघडलं? अवो, आमच्यात नवी सून सुपं भरून गौरीपुढं ठेवते, त्याला ओवसा म्हनतात. पन पयला ओवसा असा कधीपन होत नाय, गौरी पूर्वात आल्या तरच. आमची उन्नती, या जितेंद्राची बायको, लग्न होऊन आली त्या साली नाय आल्या. पोरीनं आदल्या दिवशी सुपं धुऊन, पुसून, उन्हात ठेवली नि भटजी म्हनतो, "या वर्षी योग नाही." परत घातली माळ्यावर! आता आल्या, तर तिचं अख्खं माहेर येनार गोखिवऱ्याहून, विहीनबाई काय, मावश्या काय, टेम्पो भरून. नि आमच्या आंगनात मानूस हरवतो!

मी जितेंद्राला म्हटलं, विळा घे. तर हा म्हनतो, "आई, कंबर धरते. मशीन मिळतं आता." गेलो दुकानात. गेलो म्हंजे तो गेला, मी पाठी लागली... मला कोन घरी ठेवतो?

दुकानदार मोठा गोड. दोन मशिनं ठेवली पुढ्यात. "देखो मावशी, हा पेट्रोलवाला ब्रश कटर. पट्टा खांद्यावर, लोखंडी पातं, झाडीबिडी सगळा खल्लास. मगर वजन आहे, आवाज आहे, धूर आहे. आणि हा..." असा हात फिरवला दुसऱ्यावरनं, जसा काय तान्ह्या पोराच्या डोक्यावरनं फिरवतोय, "हा बॅटरीवाला. आवाज नाही, धूर नाही, वायर नाही!"

मी म्हटलं, "मंग हाय काय?"

जितेंद्र म्हनतो, "आई, तू गप." मी कशाला गप? म्हटलं, "पातं कुठाय याला?" तर म्हनतो, "पातं नाय मावशी, नायलॉनची दोरी फिरते." दोरी! दोरीनं कपडे वाळत घालतात, दोरीनं बैल बांधतात, दोरीनं गवत कापतात हे मी पयल्यांदा ऐकलं. म्हटलं, बघूं तरी. नि दाबलं मी बटन! दुकानात ती हिरवी प्लास्टिकची चटई असते ना, पाय पुसायची, गवतासारखी? तिची हजामत! दुकानदाराच्या मिशीत हिरवं, चहात हिरवं, गनपतीच्या तसबिरीवर हिरवं... नि कसं, तुमाला सांगते, खरंच आवाज नाय, धूर नाय, वायर नाय!

मंग काय, चटईचे पन पैशे दिले नि मशीन घ्यायला लागलं.

जितेंद्राचा एक मैतर हाय, ऑगस्टीन, सांडोरचा, केळीची बाग हाय त्याची. त्यानं जीव तोडून सांगितलं, "जितू, पेट्रोलचं घे. ती बॅटरी हिरवळीला, आंगणात फिरायला. तुझं जंगल आहे, जंगल!" तर हा त्यालाच हसतो, "ऑगस्टीन, तुझं मशीन सुरू झालं की अर्ध्या सांडोरला वाटतं हेलिकॉप्टर उतरलं! माझं बघ. आवाज नाय..." पुढचं तुमीच म्हना.

आता बॅटरी म्हंजे तिला पोटाला वीज लागते. नि आमच्याकडं वीज! ती पावन्यासारखी येते, चहापन घेत नाय, जाते. रात्री चार्जिंगला लावलं की लाइट गेली. हा उठून बसायचा, हातात बॅटरी, नि फुंकर घालून बघायचा. चूल हाय का ती? सकाळी जरा चालवलं, मी सूपभर तांदूळ निवडेपर्यंत मशीन झोपलं. पानाएवढी जागा साफ, बाकी रान तसंच. वर कापलं काय, नुसतं वरचं वर! जाड गवत तर त्या दोरीला गुंडाळून बसायचं, जसं काय लाडानं गळ्यात पडतंय.

मंग मला आली खोड. मी गंभीर तोंड करून म्हटलं, "जितेंद्रा, नजर लागली रे मशिनीला. मीठ-मिरची उतर." तर हा म्हनतो, "आई, बॅटरीला नजर लागत नाही, निकेल असतं त्यात!" शाना! नि संध्याकाळी मी मोरीतून बाहेर येते तर काय... शिकलेला मानूस, हापिसातला, मुठीत मीठ-मिरची नि बॅटरीवरनं उतरतोय! इकडं बघतोय, तिकडं बघतोय, कोन बघत नाय ना. मी तोंडात पदर कोंबला, हसून हसून भिंत धरली.

नि तुमाला सांगते, त्या रात्री लाइट गेलीच नाय!

सकाळी, गौरी यायचा दिवस, मशीन असं काय सुटलं! आमी बाया घरात. गौरीला पयल्या दिवशी भाजी-भाकरी लागते, उन्नती भाजी निवडतेय, मी भाकऱ्या थापतेय. बाहेर काय चाललंय, कसं कळनार? ऑगस्टीनचं मशीन असतं तर कळलं असतं! हे कसं? आवाज नाय, धूर नाय, वायर नाय! मधेच याची नायलॉनची दोरी संपली. तर यानं काय करावं? आमच्या म्हाताऱ्याचा तंगूस काढला! म्हातारा खाडीवर गळ टाकून बसतो ना, त्याची ती जाड दोरी. तिचं गुंडाळलं वेटोळं नि घातलं मशिनीत. म्हातारा पडवीत ओरडतोय, "अरे माझा तंगूस कोनी नेला?" नि तंगूस तिकडं गरागरा आंगनभर फिरतोय.

मंग आला हा आत. पायापासून डोक्यापर्यंत हिरवा, पोपट नुसता. चष्म्याच्या काचेवर पन पाला. "आई, उन्नती, बाहेर या! बघा!"

गेलो बाहेर. खोटं कशाला बोलू? न्हाव्यानं केलं नसतं असं साफ केलं होतं. दारापासून पार व्हाळापर्यंत. सगळं... पार... व्हाळापर्यंत.

मी म्हटलं, "जितेंद्रा, त्या कडेला होतं ते? गुलाबी गुलाबी फुलांचं?"

"तेपण उडवलं! तण होतं सगळं."

"तन? अरे मुडद्या, गौर होती ती!"

अवो, आमच्याकडं गौर म्हंजे मुखवटा नाय, आमच्याकडं गौर म्हंजे तेरडा. व्हाळाकडंचा तेरडा मुळासकट काढायचा, साडी नेसवायची, ती आमची गौर. ती मुळं म्हंजे तिची पावलं. बाजारात मिळते ना जुडी, म्हनाल तुमी. मिळते, पन बिनमुळाची! पाय नसलेली गौर घरात चालत येनार कशी? नि याच्या आंगनात बघावं तर मुळं सगळी जागच्या जागी, वरची गौर गायब!

तेवढ्यात उन्नती ताट घेऊन बाहेर आली. हळद, कुंकू, रेशमी साडी, गौर दारात घ्यायची सगळी तयारी. बघितलं तिनं. ताट हातात तसंच. एवढंच म्हनाली, "आता?"

बस. जितेंद्रानं हेल्मेट काढलं, परत घातलं, परत काढलं! बायको भांडली तर नवऱ्याला बरं वाटतं वो, दोन उत्तरं देता येतात. "आता?"ला काय उत्तर देनार? संध्याकाळी दिवा लागायच्या आत गौर घरात हवी, तिचे मायबाप गोखिवऱ्याहून निघाले असतील, नि गावात शोधायचं तर जिथं जिथं तेरडा उगवायचा तिथं तिथं बिल्डिंगी. तिसऱ्या माळ्यावर काय गॅलरीत गौर उगवते?

हा एकदम ओरडला, "ऑगस्टीन! त्याच्या विहिरीकडे आहे, मी बघितलाय!" लावला मोबाईल. वाजतोय, वाजतोय, कोन उचलत नाय. परत लावला. वाजतोय. मंग माझ्याच डोक्यात आलं... मी म्हटलं, "जितेंद्रा, तो फोन का उचलत नाय? त्याला ऐकू का येत नाय?"

आमी दोघांनी एकमेकांकडं बघितलं. हेलिकॉप्टर!

पळालो! स्कूटरवर हा पुढं, पॅड काढायची पन आठवन नाय, मी पाठी. आमच्या घरात गौर सासूनं आनायची नि सुनेनं दारात घ्यायची, म्हनून मी. सांडोरच्या वळनावरच ऐकू आलं, घर्रर्रर्र! केळीतनं घुसलो. ऑगस्टीन पट्टा खांद्यावर, कान झाकलेले, गवत आडवं करत चाललाय, नि पुढं विहीर, विहिरीकडं गुलाबी गुलाबी तेरडा, माझी गौर, वाऱ्यावर डुलतेय बिचारी! जितेंद्र ओरडतोय, "थांब! ऑगस्टीन, थांब!" ऐकतो कशाला? मी काय केलं? काढली चप्पल नि हानली. बसली बरोबर पाठीत. तो गर्रकन वळला, मशीन बंद केलं, कान उघडले, नि म्हनतो, "शकूबाय? तुमी? नि जितू, बॅटिंगला कुठं चाललास?"

सांगितलं सगळं. तो हसायला लागला, "हा? हा तर मी दरसाल उपटून फेकतो! किती पायजे? टेम्पो बोलवू?" पन तुमाला सांगते, देवी म्हटल्यावर त्या मानसानं टोपी काढली, खुरपं आनलं नि गुडघ्यावर बसून एकेक मूळ असं सोडवलं, जसं काय पोराच्या पायातनं काटा काढतोय. "अगोदर सांगायचं ना," म्हनतो, "मी पाय तरी धुऊन आलो असतो."

आता खरी गंमत. गौर आनताना तोंडात पान्याची चूळ धरायची. बोलायचं नाय. घर येईपर्यंत एक शब्द नाय! मी! सांडोर ते जूचंद्र! विहिरीचं पानी घेतलं तोंडात, गौर मांडीवर, बसली स्कूटरवर. हा जरा गेला, नि आरशातनं बघतो. "आई, खरंच बोलता येणार नाही तुला?" मी मान हलवली. "अजिबात?" मी मान हलवली.

मंग जो सुटलाय! तीस-बत्तीस वर्सांचा हिशोब वो! "आई, लहानपणी चिंचेवर भूत आहे म्हणून सांगितलंस, मी दहावीपर्यंत तिकडनं गेलो नाही! लग्नात माझ्या बुटात गूळ कोणी घातला? मला सगळ्यांसमोर मुंग्या चावल्या!" मी पाठीत गुद्दा घातला. "मार! मार, पण बोलू नकोस! नि ती मीठ-मिरची, तू मोरीच्या दारात हसत होतीस, मला दिसत होतं. तरी उतरली. का माहितीये? गेल्या वर्षी ती सुपं माळ्यावर ठेवून उन्नती किती वेळ शिडीवरच बसली होती. तू झोपली होतीस. मी बघितलं."

तोंडात पानी, नि डोळ्यात पन यायला लागलं, मेलं. तेवढ्यात आला खड्डा! अर्धी चूळ पोटात, थोडी याच्या रेनकोटवर. उरलेली धरली वो, गालात धरली!

दिवा लागायच्या येळेला पोचलो. विहीनबाई, मावश्या, सगळ्या दारात. उन्नतीनं पायावर पानी घातलं नि इचारलं, "कोण आली?" मी चूळ गिळली, हुश्श केलं. "गौर आली!" "कशाच्या पावलांनी?" मी म्हटलं, "सोन्याच्या पावलांनी, स्कूटरच्या चाकांनी!" हशा! दुसऱ्या दिवशी पोरीचा ओवसा असा झाला, असा झाला... सुपं मांडायला घरात जागा पुरली नाय. विहीनबाई सारख्या आंगनाकडं बघून म्हनत होत्या, "जावयांनी काय साफ केलंय हो!" हा कॉलर ताठ करून सांगतोय, "आवाज नाय, धूर नाय, वायर नाय!"

संपलं म्हनता? नाय वो. तेरड्याची शेंग कशी असते, ठाऊक हाय ना? बोट लावलं की फुटते, बी लांब उडवते. नि यानं तर तंगूस गरागरा फिरवलेला! बी पडली नसेल अशी एक जागा आंगनात राहिली नाय. पुढल्या श्रावनात बघतो तर काय, दारापासून पार व्हाळापर्यंत तेरडाच तेरडा! गुलाबी, पांढरा, लाल... पायरीच्या फटीत पन.

जितेंद्र मशीन घेऊन निघाला, तर उन्नती आडवी. "खबरदार! गौर आहे ती!" आता गौरीवर कोन मशीन चालवनार? नि गौरीवर पाय तरी कोन ठेवनार?

तवापासनं, तुमाला सांगते, भर पावसाळ्यात गौर पुढच्या आंगनात उभी, नि आमी घरचे सगळे, हापिसच्या बॅगेसकट, मागच्या दारानं जातो-येतो!